चार तासांची थंडी

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी येते, त्याच दिवशी दुपारी तिथल्या द्राक्षबागांत लोक शर्टाच्या बाह्या दुमडून कामं करत असतात. देशावरची थंडी अशीच आहे. पहाटे चार-साडेचारला चढते, सूर्य डोक्यावर यायच्या आत संपते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तेव्हाही दुपारी स्वेटर कमरेला बांधूनच फिरावं लागतं. मोटरसायकलवर हिवाळ्यासाठी काय बदलायचं, याचा विचार इथून सुरू करावा. इंटरनेटवरचा बराचसा सल्ला कॅनडाचा नाहीतर लडाखचा असतो. तिथे थंडी मुक्कामाला असते, म्हणून तिथे पातळ ऑइल, गरम होणाऱ्या ग्रिपा, इंजिनपुढे आडोसा हे सगळं शोभतं. आपल्याकडे जे बसवाल ते दुपारी बत्तीस अंशांत त्रास न देणारं हवं, नाहीतर पाच मिनिटांत उतरवता येणारं.

सगळ्यात आधी वाऱ्याचा हिशोब. थंड देशांची हवामान खाती विंड-चिलचं, म्हणजे वाऱ्यामुळे जास्त जाणवणाऱ्या थंडीचं, जे सूत्र वापरतात त्यात १० अंश तापमान घातलं, तर ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात उघड्या कातडीला ६ अंशांसारखं वाटतं, ६० ला ५ आणि ८० ला साडेचारच्या आसपास. म्हणजे वेग दुप्पट झाला तरी फरक दीड अंशाचा. पहाटे हळू चालवली की थंडी कमी वाजेल हा समज इथेच निकालात निघतो. हळू चालवावी ती इतर कारणांसाठी. थंडीवर इलाज एकच, वारा अडवणं.

आणि वारा अडवायला लोकरीचा उपयोग नसतो. दोन स्वेटर चढवून वर काहीच न घालणारे कुडकुडतात, कारण विणीतून वारा आरपार जातो. एक पातळ स्वेटर आणि त्यावर पावसाळ्यानंतर घडी घालून ठेवलेल्या रेनकोटचं जॅकेट, ही जोडी दीड हजाराच्या जाड जर्किनला भारी पडते. नऊ वाजले की रेनकोट काढायचा, नाहीतर आत घामाने भिजाल. भिजलेल्या बनियनवर पुढच्या घाटातली सावली लागली की मग खरी हुडहुडी भरते. जुने बुलेटवाले जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचे. चार पदरी घडी, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत. कागदातून वारा जात नाही आणि पदरांमध्ये हवा अडकते, एवढंच त्यामागचं शास्त्र. चहाच्या टपरीवर काढून वाचताही येतं. मफलर किंवा पंचा गुंडाळणार असाल तर दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचलेली हवीत. सुटलेलं टोक आणि चेन यांची गाठ पडली तर ती कशी सुटते ते सांगायला नको.

हातांचं वेगळं आहे. बोटं आधी बधिर होतात आणि क्लच-ब्रेकचं सगळं काम त्यांच्याकडेच असतं. रस्त्याच्या कडेला मिळणारे लोकरीचे हातमोजे लिव्हरवरून घसरतात आणि पडल्यावर तळहात वाचवत नाहीत. हातमोजा एक नंबर मोठा घ्यावा. घट्ट मोज्यात रक्तच नीट फिरत नाही, मग तो कितीही जाड असला तरी बोटं गारच. आत पातळ सुती मोजा घातला तर तो दहा वाजता काढून ठेवता येतो.

त्याहून बरा इलाज म्हणजे हँडगार्ड, मुठींपुढे बसणारा आडोसा. आपल्या हवेत हिवाळ्यासाठी गाडीवर एकच वस्तू बसवायची झाली तर ती ही. बोटांच्या पाठीवर येणारा वारा अडला की साध्या हातमोज्यातही हात शाबूत राहतात, आणि दुपारी त्याचा काही त्रास नाही. बसवताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटरचं असतं, पण टोकाला आतून वजन बसवलेलं असतं. ते न काढता गार्डचा एक्स्पांडर (आत फुगून घट्ट बसणारा) बोल्ट आत ठोकला तर तो धरत नाही आणि गार्ड हळूहळू फिरायला लागतो. दुसरी, क्लॅम्प घट्ट करण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. गार्ड टाकीला लागतो का, क्लचची केबल आणि ब्रेकचा पाइप ताणतो का? दोन्ही लिव्हर पूर्ण दाबूनही बघायचे, कारण स्वस्त गार्डांत लिव्हरचं टोक आतल्या पत्र्याला अडकतं. तिसरी चूक अॅक्सिलरेटरच्या बाजूची. गार्डचा बोल्ट ग्रिपच्या रबराला चिकटून बसला तर मूठ सोडल्यावर अॅक्सिलरेटर परत येत नाही. तिथे दोन-तीन मिलिमीटर फट हवीच. काम झाल्यावर मूठ पिळून सोडायची, 'टक्' आवाज करत ती जागेवर आली पाहिजे. हँडल डावी-उजवीकडे वळवलेल्या स्थितीतही.

उत्तरेत दिसतात ती कापडी हँडल कव्हरं इथेही दुकानांत येतात. ऊब भरपूर देतात, पण हात आत गेला की इंडिकेटर आणि हॉर्नचं बटन दिसत नाही, आणि गाडी कलंडली तर हात पटकन बाहेर निघत नाही. दूधवाले, पेपरवाले वापरतात आणि त्यांचं बरोबर आहे. पहाटे चारला गल्लीबोळांतून वीसच्या वेगाने जाणाऱ्याचं गणित निराळं.

गरम ग्रिपांबद्दल मत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात गरज नाही. जोडीला तीस-चाळीस वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टला तीन अँपिअरच्या आसपास. त्या तळहात गरम करतात, वारा मात्र बोटांच्या पाठीवर येतो. हिमाचल-लडाखला जायचंय म्हणून बसवायच्याच असतील तर लाइन इग्निशनवरून (चावी लावल्यावरच करंट येणाऱ्या वायरवरून) रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने घ्यावी, ५ अँपिअरचा फ्यूज टाकावा, आणि उजव्या ग्रिपच्या वायरला मूठ पूर्ण पिळता येईल एवढी ढील सोडावी. ही वायर ताणली किंवा केबलमध्ये अडकली की मूठ उघडीच राहते. घाटात ही चूक महागात पडते.

काच म्हणजे विंडस्क्रीन. हिच्या बाबतीत सगळे उंचीवर चुकतात. मोठी काच चांगली असं वाटतं, पण काचेतून बघत गाडी चालवायची नसते, काचेवरून बघायचं असतं. वरची कड नाका-हनुवटीच्या पातळीत आली की वारा कपाळावरून जातो आणि दव साचलेल्या काचेतून रस्ता शोधावा लागत नाही. हेल्मेट गदगदा हलायला लागलं तर काच लहान आहे असा अर्थ दर वेळी निघत नाही. काचेमागे पोकळी तयार होऊन तिथे वारा घुमतो, आणि हेडलाइटच्या वर दोन बोटं फट ठेवली तर तो बराच शांत होतो. अॅक्रिलिकची काच स्वस्त असते, पण बोल्टच्या भोकापाशी तडकते. रबरी वायसर दोन्ही बाजूंनी घालून बोल्ट फक्त हाताच्या जोराने आवळायचा. पॉलिकार्बोनेट चिवट असतं, पण ते पेट्रोल किंवा थिनरने पुसलं की पांढुरकं होऊन जातं, त्याला साबणाचं पाणीच बरं. फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांवर) बसणारी उंच काच हँडलबरोबर फिरते आणि उघड्या माळावर आडव्या वाऱ्यात हँडल ओढते. अंगठ्याने सुटणारे नट असलेली काच शोधावी, म्हणजे दहा वाजता काढून सॅडल बॅगेत टाकता येते.

आता इंजिन. सकाळी गाडी पेटत नाही तेव्हा दोष थंडीला दिला जातो, पण बॅटरी आधीच्या उन्हाळ्यात मेलेली असते. उष्णतेने लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य झिजतं; थंडी फक्त ते उघडं पाडते, कारण दहा अंशांला तिची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला जोर जास्त लागतो. मल्टिमीटर तीनशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. बटन दाबल्यावर आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर चार्जिंगने काही होणार नाही, बदलाच. गाडी चालू करून थोडी रेस केल्यावर १३.८ ते १४.४ हवेत, तिथे तेरा दिसत असतील तर बॅटरी निर्दोष आहे, मॅग्नेटो (वीज तयार करणारा) किंवा रेक्टिफायर (ती बॅटरीजोगी करणारा) बघायचा.

बॅटरीला थेट जोडलेला मोबाइल चार्जर आणि जीपीएस ट्रॅकर हे छुपे चोर असतात. दोन्ही मिळून ३० मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास जातो. ५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात रिकामी. शनिवार-रविवारीच गाडी काढणाऱ्यांना दर शनिवारी बॅटरी उतरलेली सापडते ती यामुळे. हे सगळं इग्निशनच्या लाइनवर घ्यावं. इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे पंपालाही करंट लागतो, बॅटरी पूर्ण बसली की दुसऱ्या गिअरमध्ये ढकलूनही ती पेटत नाही.

सुरू करण्याची पद्धत गाडीनुसार. कार्बोरेटरची गाडी असेल तर आधी चावी बंद ठेवून दोन किका, मग चोक ओढून, अॅक्सिलरेटरला हात न लावता किक. अर्ध्या-एक मिनिटाने चोक अर्धा, पहिल्या किलोमीटरच्या आत पूर्ण बंद. चोक विसरला की प्लग काळा पडतो आणि अॅव्हरेज कोसळतो. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक आवाज दोन-तीन सेकंदांनी थांबतो, तोवर बटन दाबायचं नाही. मूठ पिळायचीही गरज नाही, सेन्सर इंजिनचं तापमान बघून पेट्रोल वाढवतो. बटन एका वेळी तीन-चार सेकंद, मग दहा सेकंद विश्रांती. बऱ्याच गाड्यांचा क्लच सकाळी चिकटलेला असतो, पहिला गिअर टाकताना 'खाड्' होऊन गाडी पुढे उसळते. गार ऑइलमुळे प्लेटा सुटत नाहीत. इंजिन बंद असताना गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी दोन-तीनदा पुढे-मागे हलवली की सुटतात.

पाच-दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवणं हा जुना रिवाज मात्र सोडावा. गाडी जागेवर फार हळू तापते, तोवर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. मिनिटभर थांबून निघायचं आणि पहिले तीन-चार किलोमीटर मूठ हलकी ठेवायची. सायलेन्सरमधून पाणी ठिबकलं तर घाबरू नये. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं, ते गार नळीत थंड होऊन बाहेर येतं. पण रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तेच पाणी इंजिनमध्ये साचून ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवली की ती उडून जाते.

ऑइलचा ग्रेड हिवाळ्यापुरता बदलू नये. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच, १५डब्ल्यू-५० असेल तर ते. पहाटेच्या अर्ध्या तासासाठी पातळ ऑइल भरायचं आणि दुपारी घाटात हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ते पुरवायचं, यात नुकसानच. इंजिनपुढे पुठ्ठा किंवा फ्लेक्स बांधणाऱ्यांनाही हेच सांगणं.

कार्बोरेटरच्या, हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवायच्या स्क्रूचंही तसंच. दहा अंशांची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सात टक्के दाट असते, त्यामुळे सकाळी मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी झटके देते. मेकॅनिक स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून देतो, सकाळ सुधारते, दुपार बिघडते. ज्यासाठी चोक आहे त्यासाठी स्क्रू कशाला फिरवायचा? यात आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण आणखी पातळ होतं. जुन्या गाड्या सकाळी जास्त कुरकुरतात त्याचं एक कारण हे. पायलट जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) साफ, एअर फिल्टर साफ आणि प्लगची फट मॅन्युअलप्रमाणे, बहुतेकांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर. एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर बसवलेला असेल तर पातळ मिश्रणाचा त्रास दुप्पट. मूठ सोडल्यावर येणारे फटाके लोकांना आवडतात, ते बहुतेकदा इंजिनाच्या तक्रारीचे असतात.

टायरची हवा सकाळी गार असतानाच बघायची. दुपारी तीस अंशांत २९ पीएसआय भरलेली हवा पहाटे दहा अंशांला २६ च्या आसपास उतरते. गाडी वळणावर जड वाटते, टायर कडेने झिजतो. आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरवर असतो. तो गार टायरसाठीच दिलेला असतो, दुपारी वाढलेली हवा सोडायची नाही. दवाने ओल्या झालेल्या डिस्कचा पहिला ब्रेक पोकळ लागतो, ड्रमचा उलट एकदम धरतो. गल्लीतून बाहेर पडतानाच दोन्ही ब्रेक हलके दाबून कोरडे करून घ्यावेत.

आता या ऋतूतला खरा धोका. सांगली, कोल्हापूर, सातारा, नगरच्या रस्त्यांवर हिवाळा म्हणजे गाळप हंगाम. पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, रुंदीबाहेर आलेला ऊस, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. बैलगाड्यांचंही तेच. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने आणि पाणी पाजलेल्या उसाच्या फडांजवळ थंड ओली हवा खाली साचते, म्हणून धुकं नेमकं तिथेच धरतं आणि ट्रॉल्याही तिथेच असतात. पुलावर चढताना अचानक गारवा लागला की पुढे धुकं आहे असं समजून मूठ सोडावी. वळणांवर पडलेलं, चाकांनी चेचलेलं उसाचं चिपाड आणि पाचट दवात साबणासारखं निसटतं. तिथे गाडी आडवी न करता सरळ ठेवून काढायची. याच उसापासून झालेलं इथेनॉल आपल्या टाकीत असतं ही त्यातली गंमत.

म्हणून जास्तीचे दिवे हे थंडीतलं दुसरं योग्य मॉडिफिकेशन. धुक्यात अपर टाकला की पुढे पांढरी भिंत उभी राहते, कारण उजेड थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. पिवळा उजेड धुकं भेदतो अशी ख्याती आहे, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच उधळतात. पिवळ्याने डोळ्यांना चमक कमी लागते एवढाच फायदा. खरा फरक जागेने पडतो. दिवा जितका खाली, तितका उजेड धुक्याखालून रस्त्यावर पोचतो. क्रॅशगार्डच्या खालच्या बाजूला, रुंद आणि तोकड्या झोताचे, प्रत्येकी १५-२० वॅटचे दोन एलईडी पुरतात.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसपासून एक वीत अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून १.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून दिव्यांना. ८५ बॉडीला. ८६ ला टेल लॅम्पच्या वायरवरून स्विचमार्गे सिग्नल, म्हणजे चावी बंद की दिवे बंद. जोड सोल्डर करून हीट-श्रिंकची नळी चढवलेली हवी. चिकटपट्टी दवाने आणि उन्हाने महिन्यात सुटते. दिवे लावून, थोडी रेस देऊन परत मल्टिमीटर धरायचा. साडेतेराच्या वर असेल तर मॅग्नेटोला झेपतंय. तेराच्या खाली गेलं तर एक दिवा उतरवा. झोत रस्त्यावर पाडायचा, समोरच्याच्या डोळ्यांत नव्हे, आणि मोकळ्या हवेत ते बंद ठेवायचे. आपल्या मागेही कोणीतरी येतंय हे धरून बॅगांवर आणि हेल्मेटच्या पाठीला लाल परावर्तक पट्टी चिकटवावी. खर्च शंभरच्या आत.

हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते त्याला पिनलॉक उत्तम. काचेच्या आत दुसरी पातळ काच बसते, मधल्या हवेमुळे आतली बाजू गार होत नाही. नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब कोरड्या कापडाने पुसून काढला की दोन-तीन तास भागतं. काळी काच पहाटे वापरू नका, कितीही छान दिसली तरी.

दिसण्यासाठीच्या बदलांनाही हाच मोसम धरतात. पावसाळ्यात गंजलेले स्पोक, सायलेन्सर, फूटरेस्ट दिवाळीनंतर उतरवले जातात, पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टसाठी फेऱ्या सुरू होतात. रंगकामाला कोरडी हवा चांगलीच, पण वेळ दुपारची घ्यावी. संध्याकाळी मारलेला रंग रात्री दव धरतो आणि लॅकर पांढुरका पडतो. पावडर कोटिंगला हा प्रश्न नाही, ते १८०-२०० अंशांच्या भट्टीत भाजतात. फ्रेम, रिम, क्रॅशगार्डला तेच करावं, फक्त बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकून घ्यायला सांगावं, नाहीतर नंतर कानस घेऊन बसावं लागतं. गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांत बदल करायला मुभा देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. हँडगार्ड, काच, कमी वॅटचे दिवे यांच्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही, पण मूळ सुटे भाग घरी जपून ठेवावेत.

नोव्हेंबरात वागातोरला मोटोव्हर्स, रॉयल एनफील्डचा मोटरसायकल मेळावा, असतो, तेव्हा पुण्या-मुंबईचे जथे गोव्याकडे उतरतात. या रस्त्यावर चार तासांच्या थंडीचा कस लागतो. पहाटे खंबाटकीत दात वाजतात, निपाणीला स्वेटर निघतो, आंबोली उतरून सावंतवाडी आली की बत्तीस अंश आणि दमट हवा. त्यामुळे बॅग भरताना काढलेले कपडे ठेवायला जागा आधीच रिकामी सोडायची. चेनला ल्युब निघताना लावायचं नाही, आदल्या रात्री गाडी फिरून आल्यावर, चेन कोमट असताना लावायचं, म्हणजे ते आत मुरतं आणि सकाळी रिमवर उडत नाही.

फेब्रुवारी उतरणीला लागला की काच काढून जुन्या चादरीत गुंडाळावी. हँडगार्ड राहू द्यावेत, पावसाळ्यात त्यांचा उपयोग होतोच. क्लॅम्पखाली दव साचून हँडलला गंज धरलेला असतो, तिथे एकदा बोल्ट सैल करून, पुसून, ग्रीसचा पातळ हात फिरवून पुन्हा आवळायचं. दिव्यांच्या जोडांवरची नळी फाटली आहे का तेही त्याच वेळी बघावं. मार्च-एप्रिलच्या उन्हात बॅटरी झिजायला लागते, तेव्हा मल्टिमीटर हाताशीच ठेवा.